बिनचेहऱ्याचे चार संत

दुबई-शारजाला जाऊन आलेल्या माणसाने सोन्याचा बाजार, उंट आणि खड्डे नसलेले रस्ते यांबद्दल बोलावं, अशी आमच्याकडे अपेक्षा असते. शाळेच्या शिक्षकखोलीत मी इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या चर्चबद्दल सांगू लागले, तेव्हा गणिताच्या बाईंनी हळूच विचारलं, विमान मध्येच कुठे भलतीकडे उतरलं होतं का. विमान नीट उतरलं होतं. चर्चच तिथे आलं होतं, निदान त्याच्या चार फळ्या तरी. त्या चार फळ्यांपायी माझ्या भावाची नोकरी जायची वेळ आली आणि त्यात हात माझा होता. सोन्याबद्दल इतरांनी लिहावं, मी फळ्यांबद्दल लिहिते.

मी कुडाळजवळच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवते. घराणं सुतारांचं. बाबा आठ महिने दारं, खिडक्या, पाळणे करीत आणि पावसाळ्यात आमच्या पडवीत गणपतीची शाळा भरे, म्हणजे अर्ध्या गावाचे गणपती आमच्याकडे घडत. मूर्ती रंगवायला मी आठव्या वर्षापासून बसे. पितांबर, शेला, सोंड, उंदीर, सगळं माझ्या हाताखालून गेलं. डोळे मात्र नाहीत. डोळे सगळ्यांत शेवटी, आणि ते बाबा स्वतः आखत. डोळे उघडले की मातीचा देव होतो, त्या कामाला मुलीचा हात नको, असं त्यांचं म्हणणं. माझा धाकटा भाऊ दत्ताराम बारा वर्षांचा झाला तेव्हा बाबांनी ती बारीक कुंचली त्याच्या हातात दिली. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि माझी रेघ त्याच्यापेक्षा सरळ होती. ही गोष्ट मी अजून विसरलेले नाही.

अल मजाज

नव्व्याण्णव सालच्या दिवाळीच्या सुट्टीत दत्ताने मला व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. तो चौदा वर्षं आखातात आहे. आधी जबल अलीच्या कॅम्पात, एका खोलीत आठ जण. आता शारजाच्या एका लाकूडकामाच्या वर्कशॉपात फोरमन. बायको माधवी आणि अकरा वर्षांची मुलगी ऋतू यांच्यासह अल मजाजमध्ये एका फ्लॅटच्या अर्ध्या भागात राहतो. दुसऱ्या अर्ध्यात एक मल्याळी कुटुंब. स्वयंपाकघर सामायिक, त्यामुळे आमच्या तिरफळाच्या वासाला त्यांच्या करीपत्त्याचा शेजार होता. खिडकीतून खालिद लगूनचं पाणी दिसे. पाणी पाहून मला बरं वाटलं, पण त्याला ना भरती ना ओहोटी असं दिसलं आणि मी माधवीला तसं बोलूनही दाखवलं. "अहो आक्का, सहा दिवस तरी राहून बघा, मग नावं ठेवा," ती म्हणाली. माधवी मला अहो-जाहो करते आणि सांभाळून बोलते, पण बोलायचं ते बोलतेच.

ऋतूशी मी मराठीत बोले आणि ती मला इंग्रजीत उत्तर देई. दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं. भांडणही आम्ही अशाच दोन भाषांत केलं, अंघोळीला किती पाणी लागतं यावरून.

दत्ता बदलला होता. पोट सुटलं होतं, बोलण्यात अरबी यल्ला आणि खलास आलं होतं. पण आईचा विषय निघाला की तो उठून बाल्कनीत जाई. आई गेली तेव्हा तो वाळवंटातल्या कुठल्याशा साइटवर होता आणि पासपोर्ट कंपनीकडे. तो घरी पोचला बाराव्याला. आईचं शेवटचं तोंड त्याला पाहायला मिळालं नाही. सहा वर्षं झाली, या गोष्टीबद्दल तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता आणि मीही विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सुरमईचं सार ओरपताना तो म्हणाला, "आक्का, उद्या वर्कशॉपात ये. एक काम इला हा, ता तुका दाखवचा हा."

इंडस्ट्रियल एरिया

शारजाचा हा भाग पाहुण्यांना दाखवण्यासारखा नाही. पत्र्याच्या शेडी, टायरची दुकानं, पठाण ड्रायव्हरांचे ट्रक आणि सगळ्यांवर सारखी बसलेली पिवळी धूळ. वर्कशॉपात पाऊल टाकलं मात्र, आणि मला बाबांची पडवी आठवली. भुसा जगात सगळीकडे सारखाच असतो. वास तेवढा निराळा होता, थोडा आंबूस, शिर्क्यासारखा. दत्ता म्हणाला, तो ओकचा वास. इंग्लंडहून आलेलं लाकूड. सागासारखं गुळगुळीत नाही, रंध्याला वेडंवाकडं जातं, लोखंडी खिळा मारला तर काळं पडतं. पण एकदा बसलं की हलत नाही.

मग त्याने एका कोपऱ्यातली ताडपत्री बाजूला केली.

चार फळ्या होत्या, छातीएवढ्या उंच, एका चौकटीत जोडलेल्या. प्रत्येकीवर एक संत रंगवलेला. मागे लाल आणि हिरवी जमीन, त्यावर सोनेरी फुलं, रंग जुना पण जिवंत. पायघोळ वस्त्रांच्या चुण्या अशा काढल्या होत्या की मी चष्मा काढून नाक लावून पाहिलं. आणि चौघांनाही चेहरे नव्हते. कोणीतरी धारदार वस्तूने चेहरे खरवडून काढले होते. गळ्यापर्यंत सगळं सुरेख, आणि वर फक्त ओरखडे.

दत्ताने मला चौकटीचा सांधा दाखवला. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत, वरून लाकडी खुंटी, खिळा एकही नाही. बाबांचा सांधा. आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना पटाशीने मारलेल्या सारख्या रेघा, एक, दोन, तीन, म्हणजे कुठलं कुसू कुठल्या खाचेत जायचं ते जोडताना कळावं. बाबाही अशाच रेघा मारत. पाचशे वर्षांपूर्वीचा तो सुतार आमच्या पडवीत येऊन बसला असता, तर भाषेवाचून त्याचं काही अडलं नसतं.

काम असं होतं. व्हिटेकर नावाचे एक इंग्रज साहेब तीस वर्षं इथे बंदराच्या कामात होते, आता निवृत्तीला आलेले. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये पूर्वी एक लाकडी पडदा होता. पुढे दुरुस्तीच्या वेळी तो काढला, तेव्हा त्यांच्या पणजोबांनी खालच्या चार फळ्या घरी नेल्या, त्यांना वरून व्हार्निश मारलं आणि कोठारात ठेवून दिल्या. आता त्या शारजातल्या चर्चला द्यायच्या होत्या. खालची कुजलेली पट्टी नवी करायची, वरची नक्षीची जाळी जुन्या चित्रावरून नवीन कोरायची आणि पुढच्या शुक्रवारच्या आत चर्चमध्ये बसवायचं. तिथे रविवार कामाचा असतो, म्हणून ख्रिस्ती लोकांचा रविवारही शुक्रवारीच. साहेब बहिणीच्या आजारपणासाठी इंग्लंडला गेले होते आणि जाताना दत्ताला सांगून गेले होते की मोडलं-तुटलं असेल ते सगळं नीट कर, देवळात लावण्यासारखं कर.

"पट्टी केली, जाळी केली," दत्ता म्हणाला. "पण ह्यांची तोंडा? आक्का, तूच सांग, असो देव कोण देवळात लावतलो?"

त्याने मला विचारलं. मी म्हणायला हवं होतं की साहेबांना फोन कर. पण तीस वर्षांनी माझ्या धाकट्या भावाने मला आमच्या कामातलं काही विचारलं होतं. मी ऐटीत सांगितलं की खंडित मूर्ती देवळात ठेवत नाहीत. एक तर विसर्जन, नाहीतर दुरुस्ती, तिसरा मार्ग नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे काही उगाच म्हणत नाहीत.

साहेबांची फाइल

व्हिटेकर साहेबांनी एक फाइल ठेवली होती, त्यांच्या गावच्या चर्चचे फोटो आणि नकाशे, खाली बारीक इंग्रजी मजकूर. दत्ताने ती घरी आणली. माझं इंग्रजी बेताचं, म्हणून ऋतूला कामाला लावलं. ती वाचे, आणि मी तिला ते आपल्या भाषेत समजावून सांगे.

पहिल्यांदा दक्षिणेला एक छोटी देवडी, दोन्ही बाजूंना दगडी बाकं. गावाचे सौदे, करार, कधी लग्नाची बोलणीही तिथेच होत. मग जाड लाकडी दार. आत शिरल्याबरोबर आठ कोनांचं दगडी कुंड, मुलाचा बाप्तिस्मा तिथे होतो, कारण त्या पाण्यातूनच माणूस आत येतो अशी समजूत. पुढे लोकांनी बसायचा लांब मंडप. त्याचं छप्पर आतून पाहिलं तर उपड्या होडीसारखं, तुळई आणि वासे उघडे. आमच्या मालवणच्या होड्या बांधणाऱ्यांना ते एका नजरेत कळलं असतं. बाकांच्या टोकांना सुतारांनी काय काय कोरलेलं, कुठे मासा, कुठे कोंबड्याशी बोलणारा कोल्हा, कुठे तोंड वाकडं केलेली बाई. मला खात्री आहे, ती कोणाची तरी सासू असणार.

मंडपाच्या पलीकडे आपला गाभारा असतो तशी पुरोहिताची जागा, आणि दोहोंच्या मध्ये हा पडदा. वर जाळी, खाली संतांच्या बंद फळ्या. लोकांनी जाळीतून पलीकडचं पाहायचं, आत जायचं नाही. बाजूच्या भिंतीला एक तिरकं भोक ठेवलेलं, खांबामागे बसलेल्यालाही पलीकडचं दिसावं म्हणून. आमच्या रवळनाथाच्या देवळातही दाराच्या फटीतून पाहणारी पोरं असतात. तिथे त्यांच्यासाठी दगडातच सोय केली होती, याचं मला कौतुक वाटलं.

तिसऱ्या फळीवरच्या बाईचा मोठा फोटो होता. ओच्यात भाकऱ्या आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ती घरकाम करणाऱ्या बायकांची संत होती. मालकाच्या घरची भाकरी चोरून गरिबांना देई म्हणे. नाव मला धड उच्चारता आलं नाही. पण आमची आई तरुणपणी खोतांच्या घरी कांडण-दळण करायला जायची आणि येताना ओच्यात काय काय घेऊन यायची, ते मला आठवलं.

शेवटचं एक पान राहिलं होतं. त्यावर नुसता मजकूर, फोटो नाही. ऋतू म्हणाली, "आत्या, आय हॅव अ टेस्ट टुमारो," आणि फाइल मिटून उठली. मीही जांभई दिली. ते पान आम्ही वाचलं नाही.

बर दुबई

दुसऱ्या दिवशी माधवीने मला बर दुबईला नेलं. अब्रा म्हणजे खाडी ओलांडायची उघडी होडी. भाडं पन्नास फिल्स. "म्हणजे सहा रुपये," माधवी मोठ्याने म्हणाली. वेंगुर्ल्याला सहा रुपयांत कुठवर जाता येतं याची चर्चा करीत आम्ही पलीकडे उतरलो. देवळाची गल्ली अरुंद, हार, कुंकू, देवांच्या तसबिरी विकणारी दुकानं, चपलांचा ढीग. जिना चढून वर गेलो. परक्या मुलखात देव भेटला की जरा जास्तच भेटतो. डोळे मोठे, रुपेरी, थेट आपल्याकडे. मी हात जोडले आणि मला शेडमधले ते चौघे आठवले, ज्यांना कोणाकडे पाहता येत नव्हतं. तिथेच माझ्या मनाने घेतलं, त्यांना चेहरे द्यायचे.

मीना बाजारातून माधवीने साडीचं कापड घेतलं आणि मी पोस्टर कलरचे डबे आणि दोन बारीक कुंचल्या घेतल्या. घरी आल्यावर दत्ता म्हणाला, ऑइल पेंट वापर, टिकेल. पण माझा हात गोंदाच्या रंगावर बसलेला. आयुष्यभर मुलांबरोबर त्यातच काम केलं, आता बदलायचं कशाला.

सोमवारी मी वर्कशॉपात भाकऱ्यावाल्या बाईसमोर स्टूल घेऊन बसले. कारागीर जेवायला गेलेले. गळ्याच्या रंगाशी जुळवून अंगाचा रंग घोटला. ओरखडे अलगद भरत गेले. हनुवटी, ओठ, नाक, कपाळ, केस. संध्याकाळी घरी गेले, मंगळवारी परत आले आणि डोळे घेतले.

डावी पापणी, उजवी पापणी, मग बुबुळं, मग पांढरा कण. एका क्षणी ती बाई माझ्याकडे पाहू लागली. पन्नाशी उलटल्यावर मी पहिल्यांदा कोणाचे तरी डोळे उघडले होते. मला फार आनंद झाला, तो मी लपवणार नाही. बाबा असते तर म्हटलं असतं, बघा.

दत्ता चहा घेऊन आला. पेला त्याने भुशातच ठेवला.

"आक्का," तो म्हणाला, "ही आये."

मी मान वळवून पुन्हा पाहिलं. खरंच आई होती. डावी पापणी जराशी खाली, आईची होती तशी. ओठ मुठीसारखे घट्ट मिटलेले. मी मुद्दाम केलं नव्हतं, हातानेच केलं. दत्ता तिथेच जमिनीवर बसला. बराच वेळ तो वर पाहत राहिला आणि मग मला जे सहा वर्षांत बोलला नव्हता ते बोलला. "माका तेव्हा तोंड बघूक गावला नाय." मी त्याच्या शेजारी बसले. आम्ही दोघं रडलो आणि थंड झालेला चहा प्यायलो.

बाकीचे तीन चेहरे राहिले, कारण बुधवारी पडदा बसवायचा होता.

चर्च

बाहेरून ते चर्च आहे हे सांगूनही कळलं नसतं. शाळेसारखी बैठी इमारत, वर क्रॉस नाही, घंटा नाही, सभोवार भिंत. आत ओळीने प्लास्टिकच्या खुर्च्या आणि वर गरगरणारे पंखे. शुक्रवारी सकाळपासून इथे पाळ्या लागतात, आधी इंग्रज, मग मल्याळी, मग उर्दूवाले, मग फिलिपिनो. एकाची प्रार्थना संपेपर्यंत दुसरे बाहेर चपला घालून उभे. हे मला फार आवडलं. आमच्या गावात दोन वाड्यांचं एका देवळात जमत नाही.

दत्ता आणि त्याच्या चार माणसांनी पडदा उभा केला. खुंट्या ठोकल्या. पंख्याखाली, पांढऱ्या ट्यूबलाइटमध्ये ती जुनी फुलं वेगळीच लखलखली. फाइलीतला तो गारठलेला दगडी मंडप कुठे आणि ही पंख्यांची खोली कुठे, पण पडदा लागल्याबरोबर खोलीचे दोन भाग झाले, अलीकडचा आपला आणि पलीकडचा देवाचा. चार फळ्यांना एवढी ताकद असते. मध्ये आई आपल्या भाकऱ्या आणि किल्ल्या घेऊन खुर्च्यांकडे पाहत होती, दोन्ही बाजूंचे संत बिनचेहऱ्याचे. मला तेव्हा पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ती एकटीच पाहतेय, एवढंच मला म्हणता आलं असतं. दत्ता म्हणाला, उरलेले तीन चेहरे साहेब आल्यावर करू.

गुरुवार

व्हिटेकर साहेब एक दिवस आधीच आले. विमानतळावरून थेट चर्चमध्ये गेले आणि तिथून त्यांनी वर्कशॉपच्या मॅनेजरला फोन केला. मॅनेजरने दत्ताला काय सांगितलं ते मला दत्ताच्या तोंडावरून कळलं. पडद्याची वाट लागली असेल तर व्हिसा कॅन्सल, महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. माधवीने ऋतूच्या शाळेची पुस्तकं एकावर एक रचायला घेतली. पुस्तकं आधीच नीट होती.

मी म्हटलं, मीही येते. पिकअपमध्ये बसून आम्ही चर्चकडे निघालो. करायला गेलो गणपती नि झाला मारुती, अशी गत झाली होती. माझ्या तोऱ्यापायी तीन माणसांचं बिऱ्हाड उठणार होतं.

साहेब पहिल्या रांगेत बसले होते, टोपी मांडीवर. साठी उलटलेला उंच माणूस, डोळे लाल, ते प्रवासाने की कशाने कोण जाणे. बहीण गेली होती हे आम्हाला मागाहून कळलं. त्यांनी आवाज चढवला नाही. हे कोणी केलं, एवढंच हिंदीत विचारलं.

"सर, मैंने किया," दत्ता म्हणाला.

मी म्हटलं, "नहीं साहब, ये तो लकडी का काम करता है. रंग मैंने लगाया. बोला भी मैंने."

मग मी माझ्या मोडक्या हिंदीत आमच्याकडचा रिवाज सांगितला. भंगलेली मूर्ती गाभाऱ्यात ठेवत नाहीत, तिला तसंच ठेवणं म्हणजे तिची हेळसांड. साहेब लक्ष देऊन ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी फाइल मागितली आणि ऋतूने न वाचलेलं ते शेवटचं पान काढलं. त्यावर लिहिलेलं त्यांनी आम्हाला सांगितलं. साडेचारशे वर्षांपूर्वी त्यांच्याकडे राजाचा धर्म पालटला आणि देवळांतल्या मूर्ती नाहीशा करण्याचा हुकूम निघाला. कित्येक गावांत पडदेच्या पडदे जाळले. त्यांच्या गावाने जाळला नाही.

"बाहर से कोई नहीं आया, बहनजी," ते म्हणाले. "गाँव का ही आदमी था. शायद उसी बढ़ई का पोता. देखिए, रोटी नहीं काटी, चाबी नहीं काटी, हाथ भी नहीं. सिर्फ चेहरा. जितना हुकुम था, उतना ही."

मी वाकून पाहिलं. खरंच, हातांच्या बोटांना एक ओरखडा नव्हता. ज्याने हे केलं तो जपून करत होता. आणि मी ते भरून टाकलं होतं. साहेब म्हणाले, लहानपणी आजी त्यांना कोठारात नेऊन हे चेहरे दाखवायची, आणि त्यांना आठवतं ते हेच खरवडलेलं लाकूड. आमच्या लोकांनी काय केलं ते यात आहे, ते झाकता येत नाही.

त्यांनी खिशातून कापसाचा बोळा काढला, जिभेला लावून ओला केला आणि फळीच्या कडेला, केसांच्या टोकावर घासला. संताच्या अंगाला थुंकी. माझ्या अंगावर शहारा आला. पण बोळ्यावर तपकिरी रंग उतरला आणि खाली पणजोबांचं व्हार्निश जसंच्या तसं चमकलं. पाण्याचा रंग, साहेब म्हणाले आणि खुर्चीवर टेकले. ऑइल पेंट असता तर खलास होतं, दत्ता पुटपुटला. माझ्या हट्टाचा तेवढा एक उपयोग झाला.

साहेब बाहेर जाऊन मॅनेजरला फोन करून आले. काम उत्तम आहे, जाळी पाहून त्यांच्या गावचा सुतारही खूश झाला असता, आपली काही तक्रार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. दत्ताने डोळे मिटून श्वास सोडला. मग साहेब म्हणाले, पुसायचं काम ते स्वतः करतील, सावकाश. मी म्हटलं, नाही, मी लावला, मीच पुसते.

त्यांनी चेहऱ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. आता रागाने नाही. ही कोण आहे, त्यांनी विचारलं.

"मेरी माँ," दत्ता म्हणाला.

साहेबांनी बॅगेतून कॅमेरा काढला आणि फोटो घेऊ का म्हणून खुणेने विचारलं. दत्ताने मान हलवली, नको. मला मात्र मालवणीत म्हणाला, फोटो काढला तर पुसायला हात धजणार नाही.

चर्चच्या मोरीतून मी वाटीभर पाणी आणलं. कापूस भिजवला, पिळला आणि कपाळाकडे हात नेला. कपाळापासून सुरुवात करायची, डोळे राहू द्यायचे, जितका वेळ राहतील तितका वेळ, असं माझ्या मनात होतं.

"आक्का," दत्ता मागून म्हणाला, "डोळे आधी पूस. डोळे उघडे ठेवन तोंड पुसू नको."

बाबांनी त्याला शिकवलेलं मला कधी कळलं नव्हतं, ते त्याने असं सांगितलं. जो हात डोळे शेवटी उघडतो त्याने ते आधी मिटायचे. मी डावा डोळा पुसला, मग उजवा. खाली जुने ओरखडे दिसू लागले. डोळ्यांच्या जागी सुरीचे वार सगळ्यांत खोल होते, तिथून ते उथळ होत ओठांकडे, हनुवटीकडे गेले होते. गावातल्या त्या माणसानेही डोळ्यांपासूनच सुरुवात केली होती.

मग नाक, ओठ, कपाळ, केस. पाणी गढूळ झालं. हनुवटी राहिली तेव्हा माझा हात थांबला. मी वळून दत्ताकडे पाहिलं. मला वाटलं होतं तो बाहेर गेला असेल, बाल्कनीत जातो तसा. तो माझ्या खांद्यामागेच होता, हात जोडून, डोळे उघडे. बाराव्याला पोचलेला माझा भाऊ या वेळी आईचं तोंड शेवटपर्यंत पाहत उभा होता. "पूस," तो म्हणाला, आणि मी पुसलं.